प्रतिपिंडांची जडणघडण: रोगातून आणि लशीतून

धनुर्वातातून वाचलेल्या माणसाला रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वी डॉक्टर धनुर्वाताचीच लस टोचतात. नातेवाइकांना हे कोडे वाटते. दातखीळ बसली, पाठ धनुष्यासारखी वाकली, दार आपटल्याच्या आवाजानेही झटके आले, आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत गेले; एवढे भोगून झाल्यावर पुन्हा त्याच रोगाची सुई कशाला? गोवर किंवा कांजिण्या एकदा अंगावर निघाल्या की जन्माची सुटका, हे घराघरांत ठाऊक असते आणि तोच नियम इथेही चालत असणार असे धरले जाते. इथे तो चालत नाही. धनुर्वाताच्या जंतूचे विष इतके जहाल आहे की माणसाचा जीव घ्यायला वजनाच्या किलोमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, पुरतात. इतक्या कणभर विषाची शरीराच्या संरक्षणयंत्रणेला चाहूलही लागत नाही. रोगी वाचतो तो बाहेरून दिलेल्या प्रतिपिंडांमुळे आणि शुश्रूषेमुळे; त्याच्या स्वतःच्या रक्तात त्या विषाविरुद्ध जवळजवळ काहीच तयार झालेले नसते. पुढच्या वर्षी पुन्हा गंजका खिळा लागला तर तोच माणूस पुन्हा त्याच रोगाने आडवा होऊ शकतो. लशीत मात्र हेच विष असते, फॉर्मालिनने आणि उष्णतेने निरुपद्रवी केलेले. फ्रान्समध्ये गास्तों रामों यांनी १९२०च्या दशकात ही युक्ती बसवली. विषाचा दात पाडला आहे म्हणून ते प्राणघातक मात्रेच्या कितीतरी पट टोचता येते, आणि एवढे समोर आल्यावर शरीर त्याची नीट ओळख करून घेते.

गोवराची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली आणि पीटर लुडविग पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला तिकडे धाडण्यात आले. बेटांवर ७,७८२ माणसे राहत होती. त्यांतली सुमारे ६,००० आजारी पडली. आधीची साथ १७८१ सालची. पानुमने वाडीवाडीत विचारपूस केली तेव्हा त्याला दिसले की १७८१ मध्ये लहानपणी गोवर निघालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही या वेळी तो झालेला नव्हता. मधल्या ६५ वर्षांत बेटांवर गोवर फिरकलाच नव्हता, म्हणजे शरीराला आठवण करून देणारेही कोणी नव्हते. बालपणीची एकच गाठ जन्मभर पुरली होती.

एकीकडे मरणाच्या दारातून परतूनही काहीच न शिकलेले शरीर, दुसरीकडे एका तापात आयुष्यभराचे शिकलेले. रोगाने येणारी प्रतिकारशक्ती चांगली की लशीने येणारी, हा वाद कोविडच्या काळात घरोघरी झाला; पण प्रश्न असा मोघम विचारला तर त्याला उत्तरच नाही. शरीरासमोर काय आले, किती आले, कोणत्या वाटेने आले आणि किती दिवस राहिले, यावर प्रतिपिंडांचा साचा ठरतो. हे प्रत्येक रोगाच्या बाबतीत निराळे असते, आणि लशीलशीतही निराळे असते.

प्रतिपिंड म्हणजे रक्तात आणि शरीराच्या स्रावांत वावरणारे एक प्रथिन. जंतूच्या किंवा विषाच्या एखाद्या ठरावीक भागाला ते घट्ट चिकटते आणि त्याचे काम बंद पाडते. असे काहीतरी रक्तात असते आणि ते एका प्राण्याकडून दुसऱ्याला देता येते, हे १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वातावरच्या प्रयोगांतून दाखवले. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना बी पेशी म्हणतात. रोग येण्याआधीच शरीरात अशा असंख्य पेशी तयार असतात आणि प्रत्येकीच्या अंगावरचे प्रतिपिंड वेगळ्या घडणीचे असते. समोर आलेल्या परक्या वस्तूशी ज्या पेशीचे थोडेफार जुळते, तिची निवड होते.

ही निवड कुठे होते हे मराठी माणसाला नाव ठाऊक नसले तरी हाताला ठाऊक असते. पायाला जखम चिघळली की जांघेत, हातावर फोड झाला की काखेत दुखरी गाठ येते; तिला अवधाण म्हणतात. दंडावर लस टोचल्यावर कधीकधी काखेत येते तीही तीच. त्या गाठीच्या आत बी पेशी भराभर दुभंगत असतात. दुभंगताना प्रतिपिंडाच्या जनुकात बारीक चुका होत जातात. बहुतेक चुका निरुपयोगी ठरून त्या पेशी मरतात, काही चुकांमुळे प्रतिपिंड पहिल्यापेक्षा घट्ट चिकटू लागते आणि त्या पेशींना टी पेशी या दुसऱ्या जातीच्या संरक्षक पेशींची मदत मिळून त्या टिकतात. हे चाळणे आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही चालते. सुरुवातीच्या दिवसांत आयजीएम नावाचे घाईघाईचे प्रतिपिंड येते, मागाहून अधिक नेमके आयजीजी. चाळणीतून उतरलेल्या काही पेशी हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षे प्रतिपिंडे सोडत राहतात. आयजीजी रक्तात साधारण तीन आठवड्यांत निम्मे होते, म्हणून दहा वर्षांनी ते सापडले तर मगजातला कारखाना अजून चालू आहे एवढे नक्की. दुसऱ्या काही पेशी स्मृतिपेशी होऊन गप्प राहतात. १९१८च्या इन्फ्लुएन्झातून लहानपणी वाचलेल्या, तोवर नव्वदी ओलांडलेल्या माणसांच्या रक्तात त्या साथीच्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी ९० वर्षांनी, २००८ साली सापडल्या.

ही सगळी यंत्रणा रोगात आणि लशीत एकच असते. वेगळा असतो तो तिच्यापुढे मांडलेला माल.

हिपॅटायटिस बी या काविळीच्या रक्ततपासणीत हा फरक कागदावर वाचता येतो. लशीत विषाणूचे फक्त बाहेरचे एक प्रथिन असते, यीस्टमध्ये तयार केलेले. लस घेतलेल्याच्या अहवालात त्याविरुद्धचे प्रतिपिंड, म्हणजे अँटी-एचबीएस, दिसते. ते मिलिलिटरमागे १० मिलि-एककांच्या वर असले की संरक्षण पुरेसे मानतात. ज्याला खरी कावीळ होऊन गेली त्याच्या शरीराने मात्र अख्खा विषाणू पाहिलेला असतो, आतला गाभाही. म्हणून त्याच्या अहवालात अँटी-एचबीएसच्या जोडीला गाभ्याविरुद्धचे अँटी-एचबीसीही येते. अनुभवी डॉक्टर त्या दोन ओळी पाहून, समोरच्याला एक शब्द न विचारता, त्याने लस घेतली आहे की रोग काढला आहे ते सांगतात.

गोठ्यातही हीच विद्या वापरात आहे. लाळ्या-खुरकुताच्या लशीत मारलेला, शुद्ध केलेला विषाणू असतो. जिवंत विषाणू जनावराच्या शरीरात वाढताना काही कामचलाऊ प्रथिने बनवतो, जी विषाणूच्या कणात शिल्लक राहत नाहीत आणि म्हणून लशीतही नसतात. गाईच्या रक्तात त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे सापडली तर तिला खरा रोग होऊन गेला आहे. नुसती कवचाविरुद्धची सापडली तर ती टोचणीची. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाखो जनावरांना लस दिल्यावरही रोग कुठे दबा धरून फिरतो आहे हे शोधता येते, ते या फरकामुळेच.

कोविडमध्ये हीच कसोटी अर्धवट उपयोगी पडली, आणि का ते समजून घेण्यासारखे आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोव्हिशील्डमधून शरीराला विषाणूचे फक्त काटेरी प्रथिन दिसते. कोव्हॅक्सिनमध्ये मात्र पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला अख्खा विषाणू आहे, मारलेला. त्यामुळे गाभ्याच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे कोव्हिशील्ड घेतलेल्यात सापडली तर संसर्ग होऊन गेला असे म्हणता येते. कोव्हॅक्सिन घेतलेल्याबद्दल तसे म्हणता येत नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत पाहणी झाली आणि झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, बाहेर १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे मिळाली. तेव्हा लस नव्हतीच, त्यामुळे आकडा निखळ संसर्गाचा होता. जून-जुलै २०२१ मध्ये देशभरातला आकडा ६७.६ टक्के आला, तोवर लसीकरणाला सहा महिने होत आले होते. दोन्ही आकडे प्रतिपिंडांचेच, पण सांगतात त्या गोष्टी वेगळ्या.

काय दाखवले याइतकेच ते कोणत्या वाटेने दाखवले यालाही महत्त्व आहे, आणि ते पोलिओइतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. पोलिओचा विषाणू तोंडावाटे शिरतो आणि आतड्यात वाढतो. मज्जासंस्थेपर्यंत तो क्वचितच पोहोचतो. आतड्याच्या अस्तरातून स्रवणारे प्रतिपिंड वेगळ्या जातीचे, आयजीए. जोनास सॉक यांची १९५५ साली आलेली टोचायची लस दंडातून जाते आणि रक्तात भरपूर आयजीजी तयार करते. मूल पांगळे होत नाही. पण आतड्यात पहारा बसत नाही, म्हणून विषाणू त्याच्या पोटात वाढू शकतो आणि शौचावाटे दुसऱ्याकडे जाऊ शकतो. अल्बर्ट सेबिन यांचे दोन थेंब नैसर्गिक संसर्गाच्याच वाटेने जातात, त्यांतला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला, आणि ते आतड्यालाच शिकवतात. फक्त टोचायची लस वापरणाऱ्या इस्राएलमध्ये २०१३ साली सांडपाण्यात रानटी पोलिओ विषाणू सापडला. एकही मूल पांगळे झालेले नव्हते, तरी विषाणू माणसांमधून फिरत होता.

भारतात या दोन लशींची सांगड घालताना एक सुंदर गोष्ट उघड झाली. मुरादाबाद आणि वेल्लोर इथल्या अभ्यासांत, आधी थेंब घेतलेल्या मुलांना टोचायच्या लशीचा एक डोस दिला तेव्हा त्यांच्या आतड्यातलाही पहारा कडक झाला. जे सुई एकटी करू शकत नाही, ते आधी थेंबांनी शिकवून ठेवलेल्या शरीरात ती करते. तिला आतड्याला नव्याने शिकवता येत नाही, शिकलेले आठवून देता येते. रानटी पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदला गेला. त्यानंतर २०१५ च्या अखेरीस टोचायची लस नियमित कार्यक्रमात आली, ती थेंबांची जागा घ्यायला नव्हे, त्यांच्या जोडीला.

नाकाघशाच्या रोगांचेही असेच आहे. कोविड किंवा इन्फ्लुएन्झाचा संसर्ग नाकाच्या अस्तरात आयजीए तयार करतो. दंडातली सुई ते फारसे करत नाही. म्हणून टोचून घेतलेल्या लशी गंभीर आजार चांगला रोखतात, पण सर्दीखोकल्यापुरता संसर्ग आणि त्याचा प्रसार तितका रोखू शकत नाहीत. नाकात सोडायच्या लशींवर एवढी मेहनत चालली आहे ती यामुळे.

इथवर वाचून नैसर्गिक संसर्गाचे पारडे जड वाटेल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा एचपीव्ही हा विषाणू त्या समजुतीला थेट छेद देतो. तो त्वचेच्या तळच्या थरात राहतो, पेशी फोडत नाही, दाह करत नाही, रक्तात उतरत नाही. चोरपावलांनी येतो आणि वर्षानुवर्षे राहतो. संसर्ग झालेल्या पुष्कळ स्त्रियांच्या रक्तात त्याविरुद्ध मोजण्याजोगी प्रतिपिंडेच तयार होत नाहीत, आणि ज्यांच्यात होतात त्यांच्यातही थोडी. १९९१ साली ऑस्ट्रेलियात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी या विषाणूचे नुसते कवच प्रयोगशाळेत जुळवले, आत जनुकद्रव्य नसलेले. कवचावर एकच प्रथिन शिस्तीत ओळीने पुन्हापुन्हा मांडलेले असते. बी पेशींना असा रचलेला नमुना लगेच पकडता येतो. तो दंडातून थेट काखेतल्या गाठींकडे पोहोचतो, जिथे खरा विषाणू कधी फिरकत नाही. परिणाम असा की लशीने येणारी प्रतिपिंडे संसर्गाने येणाऱ्यांपेक्षा अनेक पटींनी जास्त आणि वर्षानुवर्षे टिकणारी असतात. पुण्यात तयार झालेली सर्व्हाव्हॅक ही याच जातीची लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. मुलीला ती संसर्ग होण्याआधी द्यायची, कारण आत शिरून बसलेल्या विषाणूला ही प्रतिपिंडे हुसकावू शकत नाहीत.

हिवतापाचीही हीच तऱ्हा. डास चावताना मोजके परजीवी सोडतो आणि ते तासाभरात यकृतात लपतात. तेवढ्यात त्यांच्याविरुद्ध शिकायला शरीराला सवड कुठली. लशीत त्याच टप्प्यावरचे प्रथिन भरपूर देऊन ती सवड मिळवून दिली जाते. पुण्यातच बनणाऱ्या आर२१ या लशीला जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस दिली.

दोन वर्षांखालच्या मुलांचा प्रश्न आणखी निराळा. मेंदूज्वर आणि न्यूमोनिया घडवणाऱ्या हिब जंतूभोवती साखरेच्या साखळ्यांचे वेष्टन असते, आणि तान्ह्या मुलाच्या बी पेशींना टी पेशींच्या मदतीवाचून नुसती साखर ओळखता येत नाही. मूल या रोगातून वाचले तरी त्याला भरवशाची प्रतिपिंडे येत नाहीत. लस बनवणाऱ्यांनी ती साखर धनुर्वाताच्या निर्विष प्रथिनासारख्या वाहकाला जोडली. प्रथिन पाहून टी पेशी येतात आणि त्यांच्या मदतीने बी पेशी साखर शिकतात. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला अंगणवाडीत मांडीवर टोचल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंटमध्ये ही जोडणी असते. रोगाला कधीही जमले नसते असे काही लशीने केले, त्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

सगळीच प्रतिपिंडे उपकारक असतात असेही नाही. १९६६ साली अमेरिकेत आरएसव्ही या श्वसनविषाणूची फॉर्मालिनने मारलेली लस बाळांना दिली गेली. पुढच्या हंगामात लस दिलेल्यांपैकी ज्या बाळांना संसर्ग झाला, त्यांतली सुमारे ८० टक्के रुग्णालयात दाखल करावी लागली आणि दोन दगावली. विषाणूच्या ज्या प्रथिनावर नेम धरायचा, त्याचा आकार पेशीत शिरण्यापूर्वी एक आणि नंतर दुसराच असतो. लशीत तो दुसराच, निकामी आकार होता. त्यातून आलेली प्रतिपिंडे चिकटत होती, पण रोखत नव्हती. मूळचा आकार तसाच बांधून ठेवण्याची रीत २०१३ मध्ये सापडली, आणि त्यावर बेतलेल्या लशींना २०२३ मध्ये परवानगी मिळाली. मधले जवळजवळ अर्धे शतक आकाराची ही एक गोष्ट समजण्यात गेले.

डेंगीत हा धोका रोगाकडूनच येतो. त्याचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला अर्धवट चिकटतात आणि त्याला पेशींत शिरायला उलट मदत करू शकतात, म्हणून दुसऱ्यांदा झालेली डेंगी अनेकदा पहिलीपेक्षा भयंकर असते. फिलिपाइन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस दिली गेली. ज्यांना आधी डेंगी झालेली नव्हती अशा मुलांच्या शरीराने लशीलाच पहिला संसर्ग धरले, आणि पुढच्या खऱ्या संसर्गात त्यांना गंभीर आजाराचा धोका वाढला, हे नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झाले. तीच लस आधी डेंगी होऊन गेलेल्या मुलांचे रक्षण करत होती.

आता गोवराकडे परत यावे लागते, कारण नैसर्गिक संसर्गाचा जो सर्वांत भक्कम दाखला, त्याचीच दुसरी बाजू सर्वांत काळी आहे. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींमध्येच शिरतो आणि त्या मारतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांची गोवरापूर्वीची आणि नंतरची प्रतिपिंडे मोजली तेव्हा इतर जंतूंविरुद्ध आधी असलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोवर स्वतःविरुद्ध जन्माची आठवण ठेवून जातो आणि बाकीच्या आठवणी पुसतो. पुढचे महिने, कधी वर्षे, ते मूल न्यूमोनियाला आणि जुलाबाला पुन्हा नव्याने बळी पडत राहते. गोवराच्या लशीतला दुबळा विषाणू प्रतिपिंडे देतो, पण आठवणी पुसत नाही. रोगाच्या प्रतिपिंडांची पातळी लशीपेक्षा जास्त असते हे खरे आहे. तिची किंमत अहवालावर छापलेली नसते एवढेच.

टिकाऊपणाचा हिशोबही गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये ४५ माणसांचे रक्त वर्षानुवर्षे तपासून प्रतिपिंडे निम्मी व्हायला किती काळ लागतो ते काढण्यात आले. निष्कर्ष २००७ मध्ये आले. धनुर्वाताच्या लशीची ११ वर्षे, घटसर्पाची १९, कांजिण्यांच्या संसर्गाची ५० आणि गोवराची हिशोबाने ३,००० वर्षांहून अधिक, म्हणजे माणसाच्या आयुष्यात जवळजवळ अचल. पण देवीच्या लशीची आली ९२ वर्षे, कांजिण्यांच्या खऱ्या रोगापेक्षा जास्त. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली, तीही या लशीसारखीच जिवंत विषाणूची होती. टिकाऊपणा ठरवताना रोग की लस यापेक्षा शरीरात काहीतरी वाढले की नाही आणि ते कसे मांडलेले होते, याला अधिक वजन आहे.

प्रतिपिंडे एका पिढीतून दुसरीतही जातात. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईचे आयजीजी वारेतून बाळाकडे जाते आणि जन्मानंतर हळूहळू ओसरते. ती प्रतिपिंडे असताना बाळाला गोवराची लस दिली तर तीच लशीतला विषाणू निष्प्रभ करतात, म्हणून भारतात पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो. हे वय ठरले ते आयांना लहानपणी गोवर होऊन गेलेला असण्याच्या काळात. आता आया होणाऱ्या पुष्कळ मुली लशीवर वाढलेल्या आहेत. त्यांची प्रतिपिंडे कमी असतात आणि त्यांच्या बाळांचे उसने संरक्षण लवकर संपते. २०२२ च्या अखेरीस गोवंडीसह मुंबईच्या दाट वस्त्यांत गोवर पसरला तेव्हा नऊ महिन्यांखालची बाळेही आजारी पडली, आणि साथीच्या भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस देण्याचे ठरले. तो कार्डावरच्या नेहमीच्या डोसांत धरला जात नाही: अशा बाळालाही नवव्या महिन्यानंतरचा आणि १६ ते २४ महिन्यांमधला, असे दोन्ही डोस वेळेवर घ्यावेच लागतात.